वेतुस

दर गुरुवारी शाळा सुटली की मी तारीने दिवाडीला जाते,
पाद्र प्लासिद यांच्या बलकांवात बसून लॅटिन शिकते.
मी संस्कृतची बाई, आठवी ते दहावी.
ते सेमिनारीतून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली.
फी ठरलेली नाही. कधी अबोलीचा वळेसर नेते,
कधी परसातलं पपनस.

आज एकच विशेषण दिलं.
वेतुस. म्हणजे जुना.
"आणि जुनी?"
वेतुस.
"जुनं?"
वेतुस गो बाये, म्हणत काठी फरशीवर तीनदा आपटली,
तिन्ही वेळा आवाज सारखाच.

आमच्याकडे जुना पलंग, जुनी पेटी, जुनं कपाट.
लिंग विचारल्याशिवाय आम्ही कशालाच म्हातारं होऊ देत नाही.

पुढच्या रूपांत स चा र झाला.
दोन स्वरांमध्ये सापडला की स टिकत नाही, ते म्हणाले.
दोन भावांमधला बांध, मी मनात जोडलं.
वेतेरिस. वेतेरेम.
पंचमीला ई नाही, ए: वेतेरे.
षष्ठी, अनेकवचन,
आणि इथे पाद्र थांबले.
चाळीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलेलं
ओठापर्यंत आलं, परत गेलं.
खालून पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजत गेला.
मी वहीत पाहिलं नाही.
"वेतेरिउम," ते म्हणाले, मग मान हलवली,
"न्हय. ती इ दुसऱ्यांची. वेतेरुम.
हे मुळात विशेषण नव्हतंच ना.
नाम होतं. वर्ष.
लोकांनी वापरून वापरून जुनं केलं,
पण चाल नामाचीच राहिली."

वर्ष.
मग माझ्याकडचे हळूहळू येऊ लागले:
वत्सर, संवत्सर,
वत्स, म्हणजे एका वर्षाचा,
आणि वत्साच्या मागोमाग, शेपटी वर करून,
वासरू.
वीस वर्षं मी फळ्यावर वत्स म्हणजे बाळ असं लिहिलं,
आणि त्याचा सख्खा भाऊ तिकडे पिकल्या केसांचा.

"याहून जुना कसं म्हणायचं?"
ते रूप याचं स्वतःचं चालत नाही, शेजाऱ्याकडून उसनं:
वेतुस्तिओर.
"आणि सगळ्यांत जुना?"
वेतेर्रिमुस. दोन र आहेत, ते हसले,
दात असते तर दोन्ही ऐकवले असते.

बाजारात मात्र कुणी एवढं व्याकरण सांभाळत नाही.
तिथे त्याला लाडाने वेतुलुस म्हणाले, म्हातारडं,
ते झिजत झिजत वेल्हा झालं,
जहाजातून आलं आणि आमच्या दोन गावांना चिकटलं.
आधी लावलं तर तारीपलीकडचं, चर्चांचं.
नंतर लावलं तर आगशीच्या वाटेवरचं, त्याहूनही जुनं.
परवाच सांगलीकडचं एक कुटुंब, पिशव्यांसकट,
गोवा वेल्ह्याला उतरून चर्चा कुठे म्हणून विचारत होतं.
विशेषणाची जागा चुकली, मी सांगू शकले असते.
सांगितला बसचा थांबा.

परतीच्या तारीत ऊन उतरलेलं.
एक माणूस दोरीला धरून तांबूस पाडी घेऊन चढला.
"कितल्या तेंपाची?" तारीवाल्याने विचारलं.
"वर्स भरलें आयतारा."
कुणी त्यात काही विशेष ऐकलं नाही.
इंजिन सुरू झालं, पाडी बिचकली,
सरकत सरकत माझ्यापाशी आली
आणि मांडीवरच्या वहीचा कोपरा चाटू लागली.
मी ओढून घेतली तोवर शाई फुटली होती.
पान वेतेरुमचं.
षष्ठी, अनेकवचन:
जुन्यांचं.